साक्ष, सर्वनाम आणि सोळाजण

बंदिवासाचे वाङ्मय मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती तेथेच उतरवून घेतली. 'माझी जन्मठेप' या ग्रंथाने तर 'अंदमान' या शब्दाला मराठीत एक निराळाच अर्थ प्राप्त करून दिला. या सर्व ठिकाणी बंदिवान आणि त्याला डांबणारी सत्ता यांचे नाते उघड आहे. सत्ता परकी आहे, बंदिवान या भूमीचा आहे, आणि वाचकाची सहानुभूती कोणत्या बाजूला जावयाची याचा निर्णय पहिल्या पानाच्या आधीच झालेला असतो. प्रस्तुत लेखात ज्या ग्रंथाचा परामर्श घ्यावयाचा आहे त्यात हे नाते उलटे झालेले आढळते. तेथे सत्ता त्या देशातलीच आहे, बंदिवान परके आहेत, ते आपण होऊन तेथे गेलेले आहेत, आणि दुःखितांच्या साहाय्यासाठी गेलो असे सांगत असताही त्यांच्यावरील आरोप मात्र धर्मप्रसाराचा आहे. अशा ग्रंथाचे मूल्यमापन करावयाचे तर आपल्या ओळखीच्या कसोट्या पुरत नाहीत. निदान त्या पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.

ग्रंथ म्हणजे 'प्रिझनर्स ऑफ होप'. तो २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डेना करी व हेदर मर्सर या त्याच्या लेखिका असून स्टेसी मॅटिंग्ली यांचे लेखनसाहाय्य मुखपृष्ठावर नमूद केलेले आहे. दोघीही टेक्सासमधील वेको येथील एका ख्रिस्ती मंडळीच्या सभासद. एक तिशीला टेकलेली, दुसरी अवघी चोवीस वर्षांची. 'शेल्टर नाऊ' या ख्रिस्ती मदतसंस्थेतर्फे त्या काबूलमध्ये काम करीत होत्या. ३ ऑगस्ट २००१ रोजी एका अफगाण कुटुंबाच्या घरी येशूच्या चरित्रावरील चित्रपट दाखवून निघाल्यावर तालिबानच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पकडले. पुढील काही दिवसांत संस्थेचे कार्यालय बंद करण्यात आले आणि तिचे इतर कार्यकर्तेही अटकेत पडले. एकूण चोवीसजण: चार जर्मन, दोन अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन आणि सोळा अफगाण. ही संख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. या लेखाचा सारा खटाटोप तिच्याभोवतीच आहे.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. सप्टेंबरच्या आरंभी काबूलच्या सर्वोच्च न्यायालयात आठ परकीयांची सुनावणी सुरू झाली. न्यायाधीशाच्या पाठीमागच्या भिंतीवर तलवारी व चाबूक टांगलेले होते, असे त्या वेळच्या वार्ताहरांनी कळविले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. ७ ऑक्टोबरला काबूलवर बाँबवर्षाव सुरू झाला. खटला निकालापर्यंत पोहोचलाच नाही. नोव्हेंबरच्या बाराव्या रात्री तालिबानने शहर सोडले तेव्हा या आठजणांनाही बरोबर नेले. ती रात्र त्यांनी मालवाहू जहाजांवर असतात तशा एका लोखंडी पेटाऱ्यात थंडीने कुडकुडत काढली. दुसऱ्या दिवशी गझनीच्या तुरुंगात त्यांना कोंडण्यात आले, आणि तेथूनही तालिबान पळाल्यावर स्थानिक लोकांनी दारे उघडून त्यांना बाहेर काढले. अमेरिकन हेलिकॉप्टर त्यांना न्यावयास आले तेव्हा वैमानिकांना अंधारात आपण दिसावे म्हणून स्त्रियांनी अंगावरची आच्छादने पेटवली. हा प्रसंग वृत्तपत्रांनी फार गाजविला. त्याचे कारण उघड आहे. वृत्तपत्रांना त्यात एक तयार प्रतीक सापडले. ग्रंथात मात्र तो पुष्कळच साधेपणाने येतो: जाळावयाला दुसरे काही नव्हते, म्हणून ती जाळली. साधेपणाची अशी स्थळे ग्रंथात आणखीही आहेत, आणि ग्रंथाचे बळ तेथेच आहे.

ख्रिस्ती मराठीत 'साक्ष देणे' असा एक प्रयोग आहे. भक्तांच्या सभेत उभे राहून आपल्या श्रद्धेचा अनुभव कथन करणे, असा त्याचा अर्थ. न्यायालयातील साक्षीपासूनच तो निघालेला आहे. हा अर्थविस्तार मराठीत झालेला नाही. तो भाषांतराच्या वाटेने आला. ग्रीकमधील 'मार्तिस' म्हणजे साक्षीदार; साक्षीदारी करताना ज्याने प्राण दिला तोही 'मार्तिस', आणि युरोपीय भाषांतील हौतात्म्याचे शब्द तेथून निपजले. विशेष असे की, अरबीतही हाच प्रवास दिसतो. 'शाहिद' म्हणजे साक्षी, 'शहीद' म्हणजे धर्मार्थ मेलेला, 'शहादत' म्हणजे दोन्ही. मराठीतील 'हुतात्मा' या शब्दाची कल्पना निराळी आहे. तिचे मूळ न्यायालयात नसून यज्ञात आहे. तेथे बोलण्याला महत्त्व नाही, आहुतीला आहे. म्हणजे काबूलच्या त्या न्यायालयात आरोपी आणि न्यायाधीश परस्परांच्या कितीही विरुद्ध उभे असले तरी एका बाबतीत त्यांचे शब्दविश्व एक होते: श्रद्धा ही साक्षीने सिद्ध होते, यावर दोघांचाही विश्वास होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे साम्य मोठे विलक्षण आहे. न्यायाधीशाच्या लेखी जो गुन्ह्याचा पुरावा, तीच आरोपीची साक्ष. कृती एकच, तिचे नाव मात्र कोणत्या बाकावरून उच्चारले जाते त्यावर अवलंबून.

परंतु साक्षीदाराची एक जुनी जबाबदारी आहे, आणि ती धर्माच्या आधीची आहे. त्याने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव सांगू नये. टीकाकाराला या ग्रंथासाठी कसोटी हवी असेल तर तीच घ्यावी. 'प्रिझनर्स ऑफ होप'मध्ये दोन प्रकारचे गद्य शेजारी शेजारी नांदते. एक गद्य या दोघी काबूलला जाण्यापूर्वीच तयार होते. प्रार्थनासभांत घडलेले, शेकडो तोंडांतून गुळगुळीत होऊन आलेले, ज्यात प्रत्येक संकटाला एक हेतू आणि प्रत्येक हेतूला एक वचन असते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते ऐकीव आहे. दुसरे गद्य तुरुंगात जन्मलेले आहे. पहिल्या तुरुंगात त्यांच्याबरोबर अफगाण स्त्रिया कोंडलेल्या होत्या. त्या स्त्रियांविषयी लिहिताना लेखिकांना वचनांची आठवण क्वचितच होते, कारण तेथे पाहण्यासारखे फार असते. सहा परकीय स्त्रियांमध्ये पडलेली फूट, बाँबवर्षावाच्या रात्रींत हेदर मर्सरला ग्रासून टाकणारी भीती, त्या भीतीचा इतरांना होणारा त्रास, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी की तिला एकटे राहू द्यावे यावरचे ताण, हे सर्व ग्रंथात लपविलेले नाही. श्रद्धेसाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रिया परस्परांशी तुटक वागतात, भितात, रुसतात, हे छापून टाकणे अशा वाङ्मयात सोपे नाही. ज्या मंडळीने त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने प्रार्थना केली तीच त्यांचा पहिला वाचकवर्ग होती, आणि त्या वाचकाला वीरांगना हव्या होत्या. तरीही त्यांनी हे लिहिले. या प्रामाणिकपणाची योग्य ती कदर टीकाकाराने केलीच पाहिजे.

योगायोगाने या तुरुंगाला दुसरीही एक साक्षीदार लाभली. इव्हॉन रिडली ही ब्रिटिश पत्रकार सप्टेंबरच्या अखेरीस बुरखा घालून अफगाणिस्तानात शिरली असता पकडली गेली आणि सुटकेपूर्वीचे काही दिवस तिला याच स्त्रियांबरोबर ठेवण्यात आले. तिचा 'इन द हँड्स ऑफ द तालिबान' हा ग्रंथ २००१ सालीच बाहेर पडला. प्रार्थना व गाणी हा ज्यांचा नित्यक्रम होता त्या स्त्रियांकडे ती बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहते. त्यात कंटाळा आहे, थोडे कौतुकही आहे. पुढे २००३ साली तिने इस्लामचा स्वीकार केला. या कथेचा उपयोग दोन्ही पक्षांचे प्रचारक आपापल्या परीने करतात. आपल्याला त्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, एकाच खोलीतील एकच दिवस दोन ग्रंथांत दोन वजनांचे भरतात. एकीच्या ग्रंथात गाणे हा त्या दिवसाचा कणा आहे, दुसरीच्या ग्रंथात ती खोलीतील एक कटकट आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे ती खोली अधिक खरी वाटू लागते.

गाण्याचा उल्लेख आला म्हणून साच्याविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल व सीला यांच्या तुरुंगवासाची कथा आहे. मध्यरात्री ते गीते गात असतात, भूकंप होतो, दारे उघडतात. ख्रिस्ती तुरुंगकथांचा हा मूळ साचा. काबूलच्या कथेत गाणी आहेत, धरणीकंपाच्या जागी बाँबवर्षाव आहे, उघडलेली दारे आहेत. साचा इतका तंतोतंत बसतो की लेखिकांनी तो मुद्दाम बसविला असे म्हणण्याची गरजच उरत नाही, घटनांनीच तो बसविला. परंतु त्याच अध्यायाचा उत्तरार्ध या प्रकारच्या वाङ्मयात फारसा आठवला जात नाही. सकाळ झाल्यावर अधिकारी दोघांना गुपचूप सोडून देऊ पाहतात, तेव्हा पौल अडून बसतो: आम्ही रोमचे नागरिक आहोत, चौकशीवाचून आम्हांला फटके मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. नागरिकत्वाचे नाव काढताच अधिकारी घाबरतात. म्हणजे मूळ कथेतच दैवी भूकंपाच्या पाठोपाठ पारपत्र येते! पौलाने ते लपविलेले नाही. त्याच तुरुंगात गाणी ऐकत बसलेले दुसरे कैदी होते. त्यांचे पुढे काय झाले हे मात्र तो ग्रंथही सांगत नाही.

आता सर्वनामाकडे वळू. 'प्रिझनर्स ऑफ होप' हा दोन आवाजांचा ग्रंथ आहे. काही भाग डेनाच्या नावाखाली, काही हेदरच्या, आणि काही दोघींचा मिळून. त्यामुळे त्यात प्रथमपुरुषी अनेकवचनाची गर्दी झालेली आहे, आणि इंग्रजीत त्याला एकच शब्द आहे. जर्मनमध्येही एकच, दारीमध्येही एकच. मराठीची स्थिती निराळी. आपल्याकडे 'आम्ही' व 'आपण' असा भेद आहे: पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. द्राविडी भाषांशी असलेल्या दीर्घ सहवासाचे हे फळ मानले जाते, आणि गुजरातीतही ते दिसते. (आपल्या संपादकीय लेखनातील 'आम्ही' हा तिसराच प्राणी, तो एकटा असून अनेक असल्याचा आव आणतो. त्याची चिकित्सा येथे अप्रस्तुत.) या ग्रंथाचा मराठी अनुवाद कोणी हाती घेतला तर त्याला प्रत्येक वाक्याला थांबावे लागेल. तुरुंगात आपसांत बोलताना 'आपण', देवाला उद्देशून 'आम्ही', वाचकाला सांगताना 'आम्ही'. येथवर ठीक. पण ज्या मंडळीने या दोघींना पाठविले तिला उद्देशून जे परिच्छेद आहेत त्यांत लेखिकांच्या मनात वाचक आत आहे की बाहेर? मला ते परिच्छेद 'आपण'चे वाटतात. आणि तसे असेल तर त्या मंडळीबाहेरच्या वाचकाला, मग तो पुण्याचा असो की पेशावरचा, तेथे आपण दुसऱ्याच्या घरातले बोलणे दाराआडून ऐकत आहोत अशी भावना होणे अटळ आहे.

तथापि मराठीचा हा भेद येथे अर्धेच काम करतो, हे मान्य केले पाहिजे. ऐकणारा आत की बाहेर, एवढेच तो सांगतो; बोलणाराबरोबर आणखी कोण उभे आहे, हे सांगत नाही. त्यासाठी आपल्याला संख्यावाचकाकडे जावे लागते. 'आम्ही गेलो' या क्रियापदात लिंग दिसत नाही, परंतु 'आम्ही दोघी', 'आम्ही सहाजणी', 'आम्ही आठजण' म्हणताच लिंग आणि संख्या दोन्ही उघडी पडतात. ग्रंथातील अनेकवचन असे उकलून पाहावे. अटकेच्या दिवशी ते दोघींचे आहे. तुरुंगाच्या खोलीत ते सहाजणींचे. न्यायालयात, त्या लोखंडी पेटाऱ्यात आणि गझनीत आठजणांचे. चोवीसजणांचे अनेकवचन फार थोड्या ठिकाणी आढळते. आढळते तेथे ते प्रार्थनेत आढळते, कथेत नाही. सोळा अफगाण सहकाऱ्यांविषयी या स्त्रियांना काळजी वाटत होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. काबूल पडल्यावर तेही सुटले. परंतु व्याकरणात ते नेहमी तृतीय पुरुषात राहिले.

हा दोष लेखिकांचा एकटीदुकटीचा नाही. २० सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या प्रतिनिधिगृहांच्या संयुक्त बैठकीत तालिबानपुढे ज्या मागण्या ठेवल्या त्यांत अन्यायाने डांबलेल्या परकीय नागरिकांना सोडून द्यावे अशी एक मागणी होती. 'परकीय नागरिक' हे विशेषण-विशेष्य ज्याने योजिले त्याला त्या क्षणी कदाचित सोळाजणांची आठवणही नसेल. शब्दांनी मात्र आपले काम चोख केले. २६ नोव्हेंबर रोजी त्या दोघी अमेरिकन युवतींचे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी स्वागत झाले. चोवीसातल्या दोघी तेथे उभ्या होत्या. यात आश्चर्य नाही; राज्ये आपल्या नागरिकांचेच स्वागत करतात. परंतु श्रद्धेसाठी सोसले असे ज्यांना म्हणावयाचे आहे त्यांच्या कथेने राज्याचीच मोजणी स्वीकारावी काय, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे, मुत्सद्देगिरीचा नव्हे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. अफगाण माणसांची नावे, ओळखी, बोलणी छापली असती तर त्यांचा जीव धोक्यात आला असता. २००१ च्या जानेवारीत मुल्ला ओमरने काढलेल्या फर्मानानुसार इस्लाम सोडणाऱ्याला आणि इतरांना तो सोडावयास प्रवृत्त करणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती. अशा स्थितीत मौन हीच सहृदयता, असे म्हणता येईल. नावांपुरता हा युक्तिवाद मला पटतो. परंतु नाव गाळणे आणि कर्तृत्व गाळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. नाव बदलूनही माणूस वाक्याचा कर्ता राहू शकतो.

कर्त्याचा हा प्रश्न आपल्याही भाषेत मुरलेला आहे. धर्मांतरासाठी मराठीत जे जुने क्रियापद आहे ते 'बाटणे', आणि त्याचे प्रयोजक रूप 'बाटवणे'. 'बाटवणे'चा कर्ता नेहमी मिशनरी; ज्याने धर्म बदलला तो कर्म. त्याने विचार केला, वाद घातला, नाकारले, मग स्वीकारले, यांपैकी कशालाही त्या क्रियापदात जागा नाही. तालिबानचा आरोप नेमक्या याच व्याकरणाचा होता. परक्यांनी फितविले, अफगाण फितले. गंमत अशी की, आरोपींची भाषाही फार वेगळी नाही. इंग्रजीभाषी ख्रिस्ती मंडळींत श्रद्धा 'वाटून घेण्याचा' जो वाक्प्रचार आहे त्यात वाटणारा कर्ता असतो आणि ज्याच्याशी वाटावयाचे तो तृतीयेत उभा असतो. त्या ३ ऑगस्टच्या घरी चित्रपट कोणी दाखविला, कशासाठी दाखविला, हे ग्रंथ सांगतो. सुटकेनंतर दोघींनी ते उघडपणे कबूलही केले. पण पाहणाऱ्यांनी काय पाहिले? ते कुतूहल होते, पाहुणचार होता, की आणखी काही? आरोपपत्र आणि आत्मकथन, दोघांनाही हा प्रश्न पडत नाही. दोघांच्याही वाक्यांत अफगाण माणूस कर्मच राहतो.

मराठी वाचकाजवळ याचा उतारा आहे, म्हणून तो असंतुष्ट राहतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त धर्मांतराचे जे चित्र आहे ते धर्म बदलणाऱ्या बाईने स्वतः काढलेले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतला विरोध, रडारड, सोवळेओवळे आणि त्या सर्वांवर हसण्याची त्यांची रीत मराठीला ठाऊक आहे. त्या ग्रंथात श्रद्धेचे ठरीव गद्य औषधालाही सापडावयाचे नाही. तेथे बाई सर्व काळ वाक्याची कर्ती आहे. नवऱ्याने बाटविले नाही, मिशनऱ्यांनी बाटविले नाही, तिने ठरविले. असा एक ग्रंथ काबूलच्या त्या घरातून निघाला असता तर! तो निघणे त्या काळी अशक्य होते, आणि २०२१ च्या ऑगस्टात तालिबानची सत्ता पुन्हा आल्यापासून ते पुन्हा अशक्य झाले आहे.

परंतु परक्या बंदिवानाच्या लेखणीतून स्थानिक माणूस कर्ता म्हणून कधीच येत नाही काय? येतो. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचे एक उदाहरण आहे, आणि त्याचा मुंबईशी थोडा संबंधही आहे. १८१२ साली अमेरिकन बोर्डाने जे पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे रवाना केले त्यांत गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि अ‍ॅडोनायरम जडसन हे होते. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यात टिकू दिले नाही. हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. जडसन दांपत्य त्याच वर्षी रंगूनला गेले. ते मदतकार्यकर्ते नव्हते, उघड उघड धर्मप्रसारक होते, हा भेद नजरेआड करावयाचा नाही. इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात युद्ध पेटल्यावर जून १८२४ मध्ये जडसनला आवा येथे पकडण्यात आले. संशय हेरगिरीचा होता, श्रद्धेचा नव्हे. ही सीमारेषा तेव्हाही धूसरच होती. त्याची पत्नी अ‍ॅन हिने १८२६ साली एका दीर्घ पत्रात या बंदिवासाची हकीकत लिहिली. (टिळकांचे मंडाले आवापासून फार दूर नाही. एकाने तेथे गीतेवर भाष्य लिहिले. दुसऱ्याने नव्या कराराचे ब्रह्मी भाषांतर उशीत शिवून जपले.)

या उशीची गोष्ट प्रसिद्ध आहे. कैद्यांना दुसऱ्या तुरुंगात हलविताना पहारेकऱ्याने वरची चटई तेवढी काढून घेतली आणि आतला कापसाचा गोळा फेकून दिला. माँग इंग नावाच्या ब्रह्मी शिष्याने तो धन्याची आठवण म्हणून घरी नेला आणि काही महिन्यांनी हस्तलिखित त्यात सुखरूप सापडले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या गोष्टीचे विशेष वाटते, कारण पुढे जडसनची कायमची सुटका झाली तीही भाषेमुळेच. तहाच्या वाटाघाटींना दुभाष्या हवा होता. अ‍ॅनच्या पत्रात माँग इंग येतो तो नावानिशी आणि कर्ता म्हणून. त्याच पत्रात एक बंगाली स्वयंपाकी आहे. जातीचे निर्बंध कसोशीने पाळणारा हा हिंदू मनुष्य, अ‍ॅन अंथरुणाला खिळली असता, जात आणि स्वतःची गरज दोन्ही विसरून या कुटुंबासाठी राबला, असे ती लिहिते. तो ख्रिस्ती झाला नाही, व्हावा अशी अपेक्षाही त्या वाक्यांत दिसत नाही. त्याने केले तेवढे ती सांगते. मात्र त्याचे नाव ती देत नाही. म्हणजे अ‍ॅन जडसनही पूर्ण उत्तीर्ण होत नाही. तरीसुद्धा तिच्या पत्रातील तुरुंगात परक्यांखेरीज इतर माणसे येतात जातात, अन्न आणतात, लाच पोचवतात, निर्णय घेतात, एवढे खरे. त्या काळी परक्या राज्याचा हात तिच्यापर्यंत लवकर पोहोचत नव्हता, म्हणून तिला या माणसांवाचून गत्यंतर नव्हते. आणि ज्याच्यावाचून गत्यंतर नसते त्याला वाक्यात जागा द्यावीच लागते. काबूलच्या आठजणांच्या बाबतीत राजदूत, वकील, वार्ताहर आणि अखेरीस हेलिकॉप्टर होते. मदत बाहेरून आली. गझनीत दार उघडणारे लोक स्थानिक होते खरे, पण ते कथेच्या शेवटच्या टोकाला येतात.

ग्रंथनामाविषयी एक शब्द. ते जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातून घेतलेले आहे. त्याचे मराठी रूप 'आशेचे बंदिवान' असे केले तर षष्ठीची नेहमीची गंमत उभी राहते. आशा बाळगणारे बंदिवान, की आशेनेच बंदी केलेले? लेखिकांना पहिला अर्थ अभिप्रेत असावा. मला मात्र ग्रंथ वाचून दुसरा अधिक खरा वाटतो, आणि तो कमीपणाचा नाही. हेदर मर्सरच्या भीतीची प्रकरणे वाचावीत: सुटकेची आशाच तिला छळते. जे सुटकेची आशा सोडून बसले त्यांना झोप येते, आणि ज्यांना आशा आहे त्यांना येत नाही. ही गोष्ट तिने पाहिली व लिहिली. तेथे ग्रंथनाम अनपेक्षितपणे सार्थ होते.

याच घटनेवर २००९ साली 'काबूल २४' नावाचा ग्रंथ व त्याच नावाचा अनुबोधपट निघाला. शीर्षकात का होईना, मोजणी पूर्ण झाली. हेन्री अर्नोल्ड व बेन पिअर्सन हे त्या ग्रंथाचे लेखक स्वतः त्या तुरुंगात नव्हते. म्हणजे चोवीस हा आकडा अखेर तृतीय पुरुषातूनच आला. २०२३ च्या सप्टेंबरात घोर प्रांतात इंटरनॅशनल असिस्टन्स मिशन या जुन्या मदतसंस्थेच्या अठरा कार्यकर्त्यांना तालिबानने पकडले. आरोप पुन्हा धर्मप्रसाराचा, आणि पकडलेल्यांत पुन्हा बहुसंख्य अफगाण. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र ठळक झाली ती त्यांच्यातील अमेरिकन व्यक्ती. 'प्रिझनर्स ऑफ होप'चा अनुवाद कोणी मराठीत केलाच, तर त्याने 'आम्ही' या शब्दापुढे प्रत्येक ठिकाणी किती, हे लिहावे: दोघी, सहाजणी, आठजण. जेथे चोवीस लिहिता येईल अशी पाने फार निघणार नाहीत. ती वाचकाला सहज मोजता येतील.